४.३ वरून २७.२ : 'विश्राम'चा पेपर कसा वाचाल?

मानसिक आजारावर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर 'विश्राम'चा पेपर आधी वाचा. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आला. आपल्याच अमरावती जिल्ह्यातली 30 गावं. चांदूर रेल्वेत बसून वाचताना तो परका वाटत नाही, आणि म्हणूनच जरा कडक वाचायला हवा.

मुख्य निष्कर्ष सोपा आहे. नैराश्य असलेल्यांपैकी आधी 4.3 टक्के लोक त्यासाठी मदत घेत होते. कार्यक्रमाच्या 18 महिन्यांनंतर 27.2 टक्के. गावातले कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मग मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी होती. डॉक्टर कमी असलेल्या भागात हे मोठंच काम आहे. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळा फरक कार्यक्रमामुळेच पडला असं छातीठोक म्हणता येत नाही. ही मर्यादा परीक्षेत तुम्ही लिहालच.

मला खटकतं ते दुसरं. नैराश्य कोणाला आहे हे ठरलं पीएचक्यू-9 या प्रश्नावलीवर. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी 0 ते 3 गुण. बेरीज नऊच्या वर गेली की नैराश्य. आता आपल्याकडे माणूस काय म्हणतो? 'काही गमत नाही.' सासरी नवीन आलेली पोरगीही हेच म्हणते, जोडीदार गेलेला म्हाताराही. रस नाही, करमत नाही, कोणाची तरी आठवण येते, हे सगळं त्या एका शब्दात. 'कामात आनंद वाटत नाही का?' असं विचारलं तर 'तसं काही नाही जी' म्हणून तो मोकळा होईल. आणि दोन आठवड्यांचं काय? त्याचा हिशेब 'पेरणी उलटली तेव्हापासून' असा असतो. प्रश्नावली चुकीची आहे असं नाही. पण गुण देताना गोष्ट गळून पडते, आणि त्या गोष्टीतच कारण होतं.

आर्थर क्लाइनमन यांनी 1988 च्या पुस्तकात डॉक्टरला दिसणारा रोग आणि माणूस जगतो ते आजारपण असा भेद केला. तुमच्यापैकी बरेच जण हा भेद प्रस्तावनेत टाकतात आणि पुढे विसरतात. (गाईडही विसरतात, असो.)

मग फक्त कथा गोळा करायच्या का? तिथेही गोम आहे. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचताना जिना, पायरी, खुर्ची डोळ्यांसमोर येते. सांगणारीवर शंका घ्यायचं कोणाच्या मनात येत नाही. मानसिक आजार झालेल्याने आपली गोष्ट सांगितली की घरचेच मध्ये बोलतात, 'त्याचं काही खरं नाही, मी सांगतो.' तुमच्या मुलाखतीच्या नोंदींत भाऊ, बायको, आई किती वेळ बोलले आणि तो स्वतः किती, हे एकदा मोजून पाहा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्व म्हणून धरला आहे, पण घरात त्याचा शब्द अजून धरत नाहीत. स्वमदत गटात हे थोडं बदलतं, कारण ऐकणाऱ्यालाही तेच झालेलं असतं. तिथे खुलासा द्यावा लागत नाही.

पण गटातही जे येतात तेच बोलतात. 27.2 कडे उलटं पाहा: शंभरातले जवळपास 73 आलेच नाहीत. बरं झालेल्यांच्या कथा छापल्या जातात, त्यातून आपण आजार समजून घेतो, आणि हे 73 त्यात नसतात. लाज होती, मजुरी बुडत होती, की 'टेन्शन'ला कोणी दवाखान्यात जातं का असं वाटलं? पेपरच्या मुख्य आकड्यातून हे कळत नाही.

सिनॉप्सिस लिहिताय ना? मग नमुना निवडीत न आलेल्यांसाठी जागा ठेवा. त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागेल. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर कोणी घरी सापडणारच नाही. पहिला प्रश्न आजाराचा नको. 'गमत नाही असं कधीपासून वाटतंय?' एवढंच विचारा आणि रेकॉर्डर चालू करण्याआधी परवानगी घ्या, त्याची स्वतःची, भावाची नाही.