फोटोओळीचा कर्ता कोण?

पहिली ओळ असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेची, डेव्ह मार्टिन यांच्या फोटोखालची. तिचा आशय असा: किराणा दुकान लुटल्यावर छातीभर पाण्यातून चाललेला तरुण. न्यू ऑर्लिन्स, ३० ऑगस्ट २००५. आदल्याच दिवशी कतरिना वादळ धडकलं होतं आणि पूर अडवणारे बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला होता. दुसरी ओळ एएफपी-गेटीची, ख्रिस ग्रेथन यांच्या फोटोखालची: दुकानातला पाव आणि कोल्ड्रिंक सापडल्यावर छातीभर पाण्यातून वाट काढणारे दोन रहिवासी. तरुण कृष्णवर्णीय, रहिवासी गोरे. दोन्ही फोटो याहू न्यूजवर झळकले आणि वाचकांनी ते शेजारीशेजारी मांडले.

वाद पेटला तो 'लुटणं' आणि 'सापडणं' यांवर. मला त्यांच्या आजूबाजूचे शब्द जास्त बोलके वाटतात. पहिल्या ओळीत लुटलं काय, तर अख्खं दुकान. फोटोत मात्र काखेत एक खोका आणि पाण्यावरून ओढत नेलेली काळी पिशवी, एवढंच. दुसऱ्या ओळीत जिन्नस नावानिशी येतात, आणि पाव म्हटला की भूक आलीच. दुकान आपोआप मागे सरकतं. 'रहिवासी' म्हणताच त्या दोघांना घरदार मिळतं. 'तरुणा'ला मिळतं नुसतं वय. (तोही तिथलाच रहिवासी नसेल कशावरून?)

दोन्ही ओळी एकाच्याच हातच्या असत्या तर निवाडा सोपा होता. पण संस्था वेगळ्या, फोटोग्राफर वेगळे. या धंद्यात सहसा फोटोग्राफर मजकूर पाठवतो, डेस्क त्यावरून हात फिरवतो; याहूनं तर आला तसा लावला. एपीचं म्हणणं, त्या तरुणाला दुकानात शिरून माल घेऊन बाहेर पडताना मार्टिन यांनी पाहिलं होतं. ग्रेथन यांचं म्हणणं, वस्तू दुकानातून वाहत बाहेर आल्या होत्या. दोघांचंही खरं मानू. तरी लेखन फसलंच, कारण डोळ्यांनी जे पाहिलं तेच नेमकं ओळीत नाही. आहे तो त्यावरचा निकाल. 'दुकानात शिरून खोका घेऊन निघालेला', 'वाहत आलेला पाव उचललेले' असं लिहायला शब्द तरी कितीसे जास्त लागले असते?

२ सप्टेंबरला मदतनिधीच्या थेट प्रक्षेपणात रॅपर कान्ये वेस्ट यांनी माध्यमांचा हा दुजाभाव ठरलेली संहिता सोडून बोलून दाखवला. पुढे एएफपीच्या विनंतीवरून याहूनं ग्रेथन यांचा फोटो काढून टाकला. हे संपादन मला मुळीच पटत नाही. दोन ओळींतली त्या फोटोखालचीच त्यातल्या त्यात माणुसकीची होती. कात्री लावायची होती ती दुसरीकडे, 'दुकान लुटल्यावर' या दोन शब्दांना.