एका संशोधिकेचें शिक्षण

संशोधक विद्यार्थ्याचें जीवन म्हटलें म्हणजे प्रयोगशाळा, ग्रंथालय, प्रबंध आणि अखेरीस पदवी, एवढेंच चित्र आपल्यापुढें उभें राहतें. परंतु भोंवतालची हवा, पाणी व धूळ यांचा माणसाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, हें शोधणाऱ्या शास्त्राला एवढें शिक्षण पुरत नाहीं. तें कां पुरत नाहीं, याचें उत्तर डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांच्या ‘एक्स्प्लोअरिंग द डेंजरस ट्रेड्स’ या १९४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत सांपडतें. अमेरिकेंत कामगारांच्या धंदेजन्य रोगांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनीं घातला, त्यांत बाईंचें स्थान फार वरचें आहे.

पुस्तकी तयारींत त्यांच्या ठायीं कांहींच उणें नव्हतें. १८९३ सालीं मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून, १८९५ सालीं त्या ईडिथ या भगिनीसह जर्मनीस गेल्या. लाइपझिग व म्यूनिक येथें व्याख्यानें ऐकण्याची मुभा त्यांना मिळाली, पण ती पुरुष विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत न भरतां बसण्याच्या अटीवर. परत आल्यावर १८९७ सालीं त्या शिकागोच्या मजूरवस्तींत, जेन ॲडम्स यांच्या ‘हल हाउस’ या सेवागृहांत राहूं लागल्या. त्यांचें खरें शिक्षण येथें सुरू झालें.

या दृष्टीनें पुस्तकांतील दोन प्रसंग फार मोलाचे आहेत. १९०२ सालीं त्या वस्तींत विषमज्वराची सांथ आली. बाईंनीं शौचकूपांजवळच्या व स्वयंपाकघरांतल्या माशा पकडून तपासल्या. त्यांत रोगाचे जंतू आढळले. निबंध गाजला, आरोग्यखात्याची चौकशी झाली, बाईंचें नांव झालें. पुढें त्यांना कळलें कीं, फुटलेल्या नळांतून मैला पिण्याच्या पाण्यांत मिसळला होता आणि ही गोष्ट दडपली गेली होती. माशांत जंतू होते हें खोटें नव्हे; पण सांथीचें मूळ तेथें नव्हतें. ज्या शोधानें आपणांस कीर्ति दिली, तो फोल होता असें पुढें सभासभांतून सांगत राहणें सोपें नसतें. बाईंनीं तें केलें, आणि पुस्तकांतहि आडपडदा ठेवला नाहीं.

दुसरा प्रसंग १९१० सालच्या सुमाराचा, इलिनॉय राज्यासाठीं केलेल्या शिशाच्या विषबाधेच्या पाहणींतला. रुग्णालयांत एक पोलिश मजूर हातांची शक्ति गेलेला व पोटशुळानें पिडलेला असा त्यांना आढळला. स्नानाच्या टबांना चिनी लेप देण्याचें त्याचें काम. कारखान्यांत गेल्यावर बाईंना एक स्वच्छ खोली दाखविण्यांत आली आणि लेपांत शिसें नाहीं असें सांगण्यांत आलें. त्यांनीं त्या मजुरालाच पुन्हां गांठलें. खरें काम तुम्हांला दाखविलेंच नाहीं, असें त्याच्याकडून कळलें! भट्टींतून निघालेल्या लालभडक टबावर भुकटी पसरण्याची ती जागा शोधून त्यांनीं नमुने मिळविले. त्यांत विरघळणाऱ्या शिशाचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत निघालें. मालकाच्या शब्दापेक्षां आजाऱ्याची साक्ष अधिक ग्राह्य ठरली.

ग्रंथांत दोष नाहींत असें नाहीं. उत्तरार्धांत एका धंद्यामागून दुसरा धंदा, एका विषामागून दुसरें विष, असा क्रम लागून कांहीं प्रकरणें अहवालाच्या वळणावर जातात. बाईंचा संयमहि क्वचित् वाचकाला खटकतो. १९१९ सालीं हार्वर्डनें त्यांना अध्यापनास बोलाविलें. तेथील अध्यापकवर्गांत येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मात्र अध्यापकांच्या क्लबांत पाऊल टाकूं नये आणि पदवीदानाच्या मिरवणुकींत चालूं नये, अशीं बंधनें होतीं. १९३५ सालीं निवृत्त होईपर्यंत त्यांना बढती मिळाली नाहीं. हें सारें त्या किंचित् हंसत सांगतात. येथें थोडा संताप दिसता तर पुस्तक अधिक जिवंत झालें असतें. परंतु स्वतःच्या अपमानावर शब्द न खर्चणारी ही लेखणी मजुराच्या लुळ्या मनगटापाशीं आली कीं कठोर होते, हेंहि सांगितलें पाहिजे.

आज या शास्त्राच्या विद्यार्थ्याजवळ बाईंना स्वप्नांतहि न दिसलेलीं यंत्रें व गणितें आहेत. तरी नमुना कोठून घ्यावा आणि कोणाला विचारावें, हें यंत्र सांगत नाहीं. ज्या घरांतील मुलें-मुली आज संशोधनाची वाट धरीत आहेत, त्या घरांत हें पुस्तक असावें. आणि मुलांबरोबर तें आईबापांनींहि वाचावें.