सुगी कुणाची, सरवा कुणाचा?

मराठी समीक्षेला 'ग्रामीण निसर्गचित्रण' हा शब्द फार सोयीचा वाटत आला आहे. माघ-फाल्गुनातले शिवार, खळ्यावरची लगबग, हुरड्याची आगटी, होळीसाठी पळविलेल्या गोवऱ्या, जत्रेतल्या कुस्त्या एवढे साहित्य एखाद्या कथेत आले की समीक्षक हा शब्द वापरतो, 'वातावरण जिवंत उतरले आहे' असा शेरा मारतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. माझा आक्षेप या वळण्याला आहे. थंडी सरून ऊन तापू लागते त्या दोन महिन्यांत गावात जितके काम असते आणि जितकी मौज असते, तितकी वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याच काळात नसते. वर्षभराच्या घामाचे वाटप होते तेही याच दिवसांत. म्हणून गावाचे खरे रूप पाहायचे असेल तर ते सुगीत पाहावे. साहित्यातल्या सुगीला केवळ वातावरण समजणारा समीक्षक नेमके हेच पाहायचे टाळतो.

आधी शब्दांचाच विचार करू. शिशिर आणि वसंत हे शब्द आमच्या घरांत पाठ्यपुस्तकातून आले. आमच्या माणसांच्या तोंडी सुगी होती, शिमगा होता, 'होळी जळाली, थंडी पळाली' एवढे ऋतुज्ञान होते. सुगी या शब्दाच्या पोटात आणखी काही शब्द राहतात. पेंढी, म्हणजे काढणीच्या मजुरीत मिळणारा कणसांसकट कडबा. बलुते, म्हणजे वर्षभराच्या गावकीबद्दल खळ्यावर घातला जाणारा धान्याचा वाटा. मातेरे, म्हणजे रास उचलल्यावर तळाशी उरणारे, मातीखड्यांत मिसळलेले धान्य. आणि सरवा, म्हणजे पीक निघून गेल्यावर रिकाम्या रानात राहिलेली कणसे, घाटे, शेंगा वेचणे. हे चार शब्द चार पायऱ्यांसारखे आहेत. सुगीत माणूस कुठल्या पायरीवर उभा होता, त्यावरून गावातली त्याची जागा कळते. वसंत या शब्दाला अशी पायरी नाही. कवितेत तो सर्वांचा होऊ शकला, कारण त्यात कुणाचाच वाटा ठरलेला नव्हता.

सुगीतल्या कामांचा क्रम सांगतो, कारण आमच्या समीक्षकांपैकी अनेकांना तो ठाऊक नसावा अशी शंका घ्यायला जागा आहे. शाळूची ज्वारी बहुधा कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दिवसभर उपटून तळहात सोलून निघतात. करडईला काटे असतात, म्हणून ती पहाटे, दवाने काटे मऊ असतात तोवर काढावी लागते. हरभऱ्याची सोंगणी वाकून करायची, आणि त्याच्या आंबेने हातापायांच्या भेगा चुरचुरतात. मग कणसे मोडायची, खळे सारवायचे, मध्ये तिवडा रोवून बैलांची पात धरायची, वाऱ्याची दिशा पाहून उफणणी करायची. यंत्रे आली तेव्हा यातले खळे, तिवडा आणि पात बऱ्याच ठिकाणी गेली. वाकलेली पाठ मात्र अनेक रानांत अजून तशीच आहे. उपटणाऱ्या आणि वेचणाऱ्या हातांत बायकांचे हात किती, हा प्रश्न तर आपल्या ग्रामीण साहित्याच्या चर्चेत अभावानेच विचारला गेला.

आता मौजेकडे येऊ. हुरडा ही या दिवसांतली सर्वांत गोड मौज. पण हुरडा आपोआप होत नाही. कुणीतरी खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव धरावा लागतो, कोवळी कणसे बेताने भाजावी लागतात, निखाऱ्यावरून काढलेले कणीस गरम असतानाच चोळावे लागते. एकाच आगटीभोवती दोन माणसे बसलेली असतात: एकाच्या हातावर लसणाची चटणी आणि गूळ असतो, दुसऱ्याच्या हाताला चटका असतो. एकाची ती करमणूक आहे आणि दुसऱ्याचे ते काम आहे. आज पुण्या-सोलापूरकडच्या कृषिपर्यटन केंद्रांत माणशी पैसे भरून हुरडा पार्टी मिळते, तिथेही ही रचना बदललेली नाही. होळीच्या लाकडांचे, जत्रेतल्या हलगीचे तेच आहे. हलगी वाजली की पैलवानाच्या अंगात बळ येते असे कथाकार लिहितो. हलगी वाजविणाऱ्याचे बोट दुखते का, हे त्याला दिसत नाही. मी कथाकाराला दोष देत नाही. पाहणाऱ्याची जागा ठरलेली असली की दृश्यही ठरते. समीक्षकाने मात्र ती जागा कुठली, हे सांगितलेच पाहिजे.

माणदेशाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात हे दोघेही आटपाडी परिसरातले. १९८३ साली अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर होते आणि १९८४ साली जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष खरात होते. माती एक, पिढी जवळजवळ एक, मानही लागोपाठचा. पण दोघांचे रान एक नाही. माडगूळकर हे शिकारी होते, चित्रकार होते, रानात भटकण्याचा त्यांना छंद होता. त्यांची नजर पाखराच्या पंखाची एक रेषाही सुटू देत नाही. 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) ही पुस्तके या नजरेची देणगी आहे. दारिद्र्य त्यांनी लपविले नाही. धर्मा रामोशी वाचून ज्याला अन्न गोड लागेल त्याला वाचक म्हणू नये. तरीही माडगूळकरांच्या रानातून चालणारा माणूस बहुधा आपल्या इच्छेने चालतो. खरातांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) मधला तराळ दुसऱ्याच्या हुकमाने चालतो. गावाचा निरोप, सरकारी कागद, अंमलदाराची बडदास्त यांसाठी हाक येईल तेव्हा त्याला निघावे लागते. थंडीची पहाट दोघांनाही लागते. एकाला ती चित्रासारखी दिसते, दुसऱ्याला ती अंगावर घ्यावी लागते. पहिल्या अनुभवाला 'निसर्ग' आणि दुसऱ्याला 'समाजशास्त्र' म्हणण्याची जी खोड आमच्या समीक्षेला जडली, ती वाङ्मयीन तर नाहीच, प्रामाणिकही नाही.

ग्रामीण लेखकांनी श्रम पाहिलेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. आनंद यादवांनी 'गोतावळा' (१९७१) मध्ये निवेदनाचा हक्क एका सालगड्याला दिला. ट्रॅक्टर येतो आणि नारबाचे मुक्या जनावरांशी असलेले नाते तुटते, हे दुःख मालकाच्या ओसरीवरून लिहिता आले नसते. 'झोंबी' (१९८७) मध्ये शेतकऱ्याच्या मुलाला शेतातले कामच शाळेपासून कसे ओढून नेते, तेही त्यांनी दाखविले. इथे काम हे वातावरण राहत नाही, ते नियती होते. पण सुगीचा हिशेब या साहित्यात बहुतेक वेळा कुणब्याच्या बाजूने मांडला जातो. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) पासून ही परंपरा आहे. खळ्यावर मागणाऱ्यांची रीघ लागते आणि कष्टकरी कुणबी नागवला जातो, हे आत्र्यांचे दुखणे खोटे नव्हते. पण मागणारा मागतो कशाच्या बळावर, आणि वर्षभर राबून त्याच्या श्रमाला 'मागणे' का म्हणावे, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता.

तो प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा रोख याच खळ्यावर होता. वतनाच्या तुकड्यासाठी आणि बलुत्याच्या पसाभर धान्यासाठी महाराचे सारे घर अहोरात्र राबायला बांधले जाते, हे त्यांनी सांगितले. ते विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. या पार्श्वभूमीवर दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, याचा अर्थ समजून घ्यावा. खळ्यावरचा शब्द त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणून ठेवला. मराठी साहित्यात तोवर सुगी धान्याच्या राशीने ओळखली जात होती. या पुस्तकाने ती वाट्याने मोजायला शिकविले.

इथवर आपल्या वाचकांना मान्य होईल. पण मला पुढे जाऊन आपल्याच समीक्षेविषयी बोलायचे आहे. दलित आत्मकथने वाचताना आपण वेदना, नकार आणि विद्रोह या तीन कप्प्यांत बसेल तेवढे घेतले; जे बसले नाही ते बाजूला ठेवले. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये आषाढ महिन्याला जे स्थान आहे ते पाहा. ते महारवाड्याचे स्वतःचे पंचांग आहे. गावाच्या सणांत ज्याला शिळेपाके मिळते, त्या वस्तीने स्वतःसाठी राखून ठेवलेला तो महिना आहे. अशी स्वतःची पंचांगे, स्वतःचे खेळ, स्वतःची कसबे आपल्या लेखनात विखुरलेली आहेत. त्यांची मांडणी कुणी केली?

माझी आजी सरवा वेचायला जायची. घरातले दुसरे कुणी शाळेची पायरी चढलेले नव्हते, त्यामुळे तिच्या आठवणी हाच आमचा ग्रंथसंग्रह. ती सांगायची, रिकाम्या रानात उतरण्यापूर्वी मालकाला विचारावे लागे, आणि कधी हाकलून दिले जाई. त्याच दमात ती असेही सांगायची की कुठल्या रानात भेगाळ जमीन आहे, कुठे कणीस ढेकळाखाली राहते, उंदराच्या बिळात किती दाणे साठलेले सापडतात, हे आम्हा बायांइतके मालकालाही माहीत नव्हते. वेचताना चेष्टामस्करी चाले, पोरे बोरे पाडत, ओढ्याच्या डबक्यात मासे धरत. हे सांगताना तिचा चेहरा फुलायचा. त्या आनंदाचे आपण काय करायचे? अपमान खरा आणि आनंद खोटा, असे म्हणून चालेल काय?

या आनंदाला आपण का बिचकतो ते मी जाणतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर ठरविले. गाव सोडणे हा आपल्या मुक्तीचा रस्ता झाला. आता सरव्यातली मौज सांगितली तर प्रस्थापित समीक्षक लगेच म्हणेल, 'पाहा, गाव इतकेही वाईट नव्हते.' ही भीती निराधार नाही. पण तिचे उत्तर मौन नव्हे. तो आनंद गावाने दिलेला नव्हता. गावाने जे हिरावले त्यातून तो आमच्या बायांनी वेचून काढला होता. ढेकळाखालच्या कणसासारखाच. तो लिहून ठेवला नाही तर आपली माणसे साहित्यात फक्त सोसणारी म्हणून उरतील, आणि जाणणारी म्हणून त्यांची नोंद राहणार नाही. कणसे वेचण्याचे ते शास्त्र, वाऱ्यावर उफणण्याची ती कला, विस्तव राखण्याचे ते कसब यांना ज्ञान म्हणण्याचे धैर्य आपल्या समीक्षेने दाखविले पाहिजे.

फाल्गुनातले आणखी एक नित्याचे काम साहित्याच्या ऋतुवर्णनात क्वचितच येते: पाणी आणणे. ओढे आटू लागतात, विहिरींचा तळ दिसू लागतो आणि डोक्यावरच्या हंड्याची वाट लांबते. ज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावायची बंदी होती, त्यांच्या बायकांची वाट तर आधीपासूनच लांब होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते दिवस होळीच्या लगतचे होते. पौर्णिमा होऊन दोनच दिवस लोटले होते. ऊन तापू लागण्याच्या त्या दिवसांत बाईच्या रोजच्या कामाला इतिहासाचा स्पर्श झाला. आमच्या पंचांगात थंडी सरून उन्हाळा लागतो तो या दिवसाने. कोकिळा त्यानंतर बोलते.

हा सारा विषय जुन्या काळाचा आहे, असे कुणी म्हणू नये. मी शिकवितो त्या महाविद्यालयात अनेक मुलांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या माघ-फाल्गुनात पहाटेची उसाची मोळी असते, पाचटाची कोपी असते. शिमग्याला घराला कुलूप असते. 'वसंत ऋतू' या विषयावर निबंध दिला तेव्हा एका मुलीने चार ओळी आंब्याच्या मोहरावर लिहिल्या आणि पाचवी ओळ अशी लिहिली की या दिवसांत माझी आई घरी नसते. तिला मी मोहराच्या ओळींना गुण द्यायचे की पाचव्या ओळीला? रूढ समीक्षा मोहराला गुण देईल. आपली समीक्षा कदाचित फक्त पाचव्या ओळीला देईल. मला वाटते, त्या मुलीने मोहरही पाहिला आहे आणि कुलूपही. दोन्ही तिचेच आहेत. तिच्याकडून मोहर काढून घेण्याचा अधिकार पहिल्या समीक्षकाला नाही, तसा दुसऱ्यालाही नाही.

म्हणून यापुढे माघ-फाल्गुनाचे वर्णन कुठेही आले, तरी आपण तीन साधे प्रश्न विचारावेत. आगटी कुणी पेटविली? रास कुणाच्या घरी गेली? आणि रान मोकळे झाल्यावर त्यात कोण उतरले, त्याला तिथे काय सापडले? पहिले दोन प्रश्न दलित समीक्षेने विचारायला सुरुवात केली आहे. तिसरा अजून तसाच पडून आहे. सरव्याचे रान मोठे आहे, आणि ते वेचायला आपल्यातलेच हात लागणार आहेत.