भक्त कोण, बंडखोर कोण?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, 'सर, आधुनिक कलेत भक्ती उरली आहे का?' उत्तरासाठी दोन गोमंतकीय चित्रकार समोर ठेवतो.

पहिले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७). शांतिनिकेतनात शिकले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. त्यांची मरिया साडी नेसते. फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणली होतीच. फोन्सेकांनी ती रंगांत आणली. तरी गोव्यातल्या अनेक धर्मनिष्ठांना ते रुचलं नाही.

दुसरे फ्रान्सिस न्यूटन सोझा. त्यांचं १९५९ चं 'क्रुसिफिक्शन' लंडनच्या टेट संग्रहात आहे. काळा, काटेरी, अणकुचीदार रेषांचा ख्रिस्त. पाहणाऱ्याला दिलासा म्हणून नाही.

वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलो, फोन्सेका भक्त आणि सोझा बंडखोर. आज ही वाटणी मला चुकीची वाटते. क्रूसाच्या वाटेची भक्ती म्हणजे काय हो? चौदा ठिकाणी थांबून दुसऱ्याच्या यातनेपुढे उभं राहणं. कॅलेंडरवरच्या गोंडस ख्रिस्ताने ते थांबणं सोपं करून टाकलं. सोझा ते पुन्हा अवघड करतात. उलट फोन्सेकांची रेषा कधीकधी इतकी शांत होते, की क्रूसाचं ओझं जाणवतच नाही.

पण सोझांच्या चित्रापुढे मेणबत्ती कोण लावणार? संग्रहालयात आपण दोन मिनिटं थांबतो आणि पुढे सरकतो. म्हणून भक्ती उरली का, हे चित्रकाराला विचारण्याआधी आपल्या पायांना विचारावं.