घोडा कुणाचा? सरकारी वळू, डागी घोडी आणि गॅझेटिअरची भाषा

माझे आजोबा मोरा बंदर ते उरण बाजारपेठ असा टांगा चालवत. त्यांची शेवटची घोडी मी पाहिलेली नाही, पण तिची एक गोष्ट घरात नेहमी निघे. तिच्या मागच्या मांडीवर तापल्या लोखंडाचा डाग होता. आजोबा म्हणत, "ही सरकारची सून. तिथं नांदली नाही, म्हणून आपल्याकडं आली." आम्ही मुले हसायचो. त्या वाक्यात एका सरकारी योजनेचे सगळे मर्म होते, हे मला कळायला फार वर्षे लागली. ते कळले ते मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर वाचताना.

जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या या गॅझेटिअरचे २७ खंड आपण माहितीचा साठा म्हणून वापरतो. हवी ती नोंद काढायची, तळटीप द्यायची आणि पुढे जायचे. पण तेही गद्य आहे. त्यालाही निवेदक आहे, कथानक आहे, आणि काही पात्रांना त्यात तोंडच दिलेले नाही. प्रस्तुत लेखात मी त्यातल्या एका लहानशा विषयाकडे, घोड्यांच्या पैदाशीकडे, वाङ्मयाच्या वाचकाच्या नजरेने पाहणार आहे.

प्रत्येक जिल्ह्याच्या खंडात उत्पन्नाच्या प्रकरणात पाळीव जनावरांचा भाग येतो. साचा ठरलेला: बैल, म्हशी, घोडे, गाढवे, शेळ्यामेंढ्या. हाच साचा भीमेच्या खोऱ्यालाही लावला आणि आमच्या खाडीलाही. त्या काळी उरण ठाणे जिल्ह्यात होते. पुढे ते कुलाब्यात आले आणि १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला. ठाण्याच्या १८८२च्या खंडात उरण भेटते ते मिठागरांमुळे आणि दारूच्या भट्ट्यांमुळे. त्यात नवल नाही. भाताच्या चिखलात घोडा काय करणार? तिथे रेडा हवा. आमच्या भागातून मुंबईच्या तबेल्यांना जायचे ते गवत. घोडा आमच्याकडे आला तो टांग्याला, आणि तोही घाटावरून.

घाटावरची गोष्ट १८८५च्या पुणे खंडात आहे. तिचे कथानक थोडक्यात असे: भीमा-नीरेच्या खोऱ्यांतले घोडे एके काळी नामांकित होते, मग जात खालावली, मग सरकारने चांगले नर आणून ठेवले. तीन अंकी नाटकच. वैभव, ऱ्हास, उद्धार. इलाख्यातली जंगले, तलाव आणि विणकाम यांच्या नोंदीही पुष्कळदा याच चालीवर जातात. घोड्यांच्या बाबतीत मात्र दुसऱ्या अंकातच नाटकाचा तोल जातो. घोडा का खालावला? १८१८ साली पेशवाई बुडाली, मराठ्यांचे घोडदळ मोडले आणि घोड्याचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. जो शेतकरी किंवा धनगर चार घोड्या बाळगून दरसाल शिंगरू विकत असे, त्याने आता ते कुणाला विकायचे? ज्याने बाजार मोडला, तोच तिसऱ्या अंकात तारणहार म्हणून रंगमंचावर येतो. मधला दुवा जोडायचे काम वाचकावर सोडलेले आहे.

तिसऱ्या अंकाचीही उपकथा आहे. कंपनी सरकारने शिरूरजवळ आळेगावला स्वतःची पैदास-पागा उघडून पाहिली होती. गावाच्या नावात 'पागा' आजही आहे. पुढे सरकारी पागांचा हा मार्ग महाग वाटू लागला. १८७६च्या सुमारास उत्तरेकडच्या मोठ्या पागा बंद करून नवे घोडापैदास खाते उभे राहिले. जे. एच. बी. हॅलन हे पशुवैद्य त्याचे प्रमुख झाले. नवी कल्पना साधी होती: घोड्या रयतेच्या, वळू सरकारचा. अरबी, विलायती थरोब्रेड, नॉरफोकचे दुडकीबाज असे नर जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवायचे. अधिकाऱ्याने घोडी पाहायची. उंची, हाड, पाय पसंत पडले की तिला डाग द्यायचा. डागी घोडी माजावर आली की मालकाने तिला सरकारी वळूकडे न्यायचे. पैसे नाहीत. खेचरांच्या पैदाशीसाठी परदेशी गाढवेही याच रीतीने ठेवली जात. गावातले खुजे नर खच्ची करणे हा त्याच कामाचा दुसरा भाग. आज आपण 'मनोधैर्याचे खच्चीकरण' असे सहज लिहितो. त्या शब्दाला तबेल्याचा वास आहे, हे विसरून.

त्याच काळात समुद्रापलीकडे न्यू साउथ वेल्समध्येही शेतकऱ्यांच्या घोड्यांसाठी वळू फिरत असत. हंगाम आला की स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात यायची: घोड्याचे नाव, बाप-आजा, रंग, उंची, कोणत्या दिवशी कोणत्या गावी मुक्काम, दर घोडीमागे किती पैसे, आणि घोडीला काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही. मोतद्दार वळूला लगामाने धरून गावोगाव फिरवायचा. ही जाहिरात अतिशयोक्तीने भरलेली असे; सगळेच वळू तिथे अजोड. पण तिच्यात दोन मालक समोरासमोर उभे असतात. एक दर सांगतो, दुसरा घासाघीस करतो, नाहीतर शेजारच्या खोऱ्यातला दुसरा वळू पाहतो. याच पैदाशीतले 'वेलर' घोडे जहाजाने मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरत आणि हिंदुस्थानच्या लष्करात जात. भीमाकाठचे शिंगरू आणि ऑस्ट्रेलियातले शिंगरू शेवटी एकाच रिसाल्यात पोहोचायचे. एकाचा मालक विक्रेता होता. दुसऱ्याचा मालक मात्र लाभार्थी होता.

हा फरक नेमका सांगायला मराठीत शब्द होते. शिलेदार तो, ज्याचा घोडा स्वतःचा. बारगीर तो, ज्याला घोडा सरकारातून मिळतो. लढाईत दोघे शेजारी-शेजारी दौडत. पण घोडा मेला तर नुकसान कुणाचे आणि चाकरी सोडली तर घोडा कुणी न्यायचा, याची उत्तरे दोघांची वेगळी. मराठी लष्करी व्यवहाराचा हा पहिला प्रश्न होता: घोडा कुणाचा? इंग्रजांनी 'शिलेदार' हा शब्द उचलला. पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत त्यांच्या हिंदी रिसाल्यांत शिलेदारी पद्धत चालू होती. 'सालोत्री' हा शब्दही त्यांनी उचलला. पैदाशीच्या नोंदी लिहिताना मात्र तो पहिला प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. डागी घोडीचा मालक शिलेदार की बारगीर? घोडी त्याची, दाणावैरण त्याची, अकरा महिन्यांचे गाभणपण त्याच्या दारात. शिंगरूही कागदोपत्री त्याचेच. पण नर कोणता, मादी कशी असावी, शिंगराला उंची किती हवी हे ठरवणार सरकार, आणि त्या उंचीच्या घोड्याला मोठे गिऱ्हाईक एकच, लष्कर. लष्कराने नाकारलेले उंच, खादाड जनावर शेतकऱ्याच्या गळ्यात. आजोबांची 'सून' हा शब्द मला इथे बारगीर-शिलेदारापेक्षाही अचूक वाटतो. कष्ट माहेरचे, डाग सासरचा.

या विचाराचे टोक पंजाबात दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी झेलमच्या कालव्यावरच्या वसाहतीत जमीन देतानाच अट घातली गेली: लष्करासाठी घोडी पाळायची, नाहीतर जमीन जाईल. इम्रान अली यांनी 'द पंजाब अंडर इम्पीरिअलिझम' या १९८८च्या ग्रंथात या घोडीपाल जमिनींची चिकित्सा केली आहे. दख्खनमध्ये गोष्ट तिथवर गेली नाही. पण फुकट वळूपासून सशर्त जमिनीपर्यंतचा रस्ता एकच आहे, एवढे त्यातून कळते.

दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेखही तीन अंकी नाटकच होईल, फक्त खलनायक बदललेले. ज्याच्याकडे एकच घोडी आहे त्याला चांगला नर फुकट मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. शेतकरी आपणहून घोड्या घेऊन येत; ते अडाणी किंवा भोळे होते म्हणून नव्हे, तर हिशेब जमत होता म्हणून. पुढे १८८६ साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, त्याचा फायदा बैलांनाही झाला. आणि ज्या 'अस्सल' भीमथडीसाठी आपण हळहळतो, ती जातही स्थानिक तट्टांशी अरबी आणि तुर्की रक्त मिसळूनच घडली होती. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता दिली. आनंदाची गोष्ट. मात्र त्या आनंदात लिहिल्या जाणाऱ्या लेखांत वैभव, ऱ्हास, उद्धार हेच कथानक पुन्हा येते, शुद्ध रक्ताची भाषा वापरून. गॅझेटिअरचा विरोध करताना आपण त्याचीच चाल उचलतो. बाहेरचे रक्त येणे हा मुद्दा कधीच नव्हता. ते कुणाच्या मर्जीने आणि कुणाच्या गरजेसाठी आले, हा मुद्दा आहे. जुना पागावाला अरबी घोडा आणत होता तो आपल्या गरजेसाठी. डागी घोडीवाला आपली गरज सांगतो असा एकही परिच्छेद मला त्या खंडांत सापडला नाही. वळू कुठल्या देशाचा ते तिथे कळते. घोडी कुणाच्या दारची, ते नाही.

हे असे वाचायची सवय मला उरणने लावली, हे कबूल करायला हवे. आमच्या भागातली शेते आणि मिठागरे नव्या शहरासाठी आणि बंदरासाठी गेली. जानेवारी १९८४मध्ये जासईच्या परिसरात त्या प्रश्नावर गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. त्यानंतरच्या काळात साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. सरकारी पत्रकांत तो भूखंड 'दिला' असे लिहितात. शंभर टक्के जमीन ज्याची होती, तो त्या वाक्यात लाभार्थी असतो. मी लहानपणापासून अशी पत्रके वाचत आलो, म्हणूनच 'सरकारने वळू उपलब्ध करून दिले' या वाक्यापाशी मी थबकलो. व्याकरण तेच आहे. देणारा कर्ता, घेणारा चतुर्थीत आणि आधीचा मालक वाक्याबाहेर.

गॅझेटिअर टाकून द्या, असे मी म्हणत नाही. त्याच्याइतकी बारकाईने इलाख्याची खानेसुमारी कुणी केली नाही, आणि माझा हा लेखही त्याच्याच खांद्यावर उभा आहे. फक्त तळटीप देण्यापूर्वी प्रत्येक नोंदीला तो जुना मराठी प्रश्न विचारावा. आजोबांना इंग्रजी येत नव्हते, गॅझेटिअर त्यांनी पाहिलेही नव्हते. पण घोडी विकत घेताना त्यांनी आधी दात पाहिले, मग पाय पाहिले, आणि मग मांडीवरच्या डागावर बोट ठेवून विकणाऱ्याला विचारले होते, "आता ही कुणाची?"