माणूस आपला का?

चरित्र हातात घेतले की आपल्या समाजातील वाचक आधी विचारतो, 'माणूस आपला का?' ही खोड मलाही आहे. पण वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) वाचले आणि तो परका माणूस घरचा झाला.

त्यांनीच लिहिलेले लीझ माइट्नरचे चरित्र मी गार्चिंगमध्ये पुन्हा वाचले. म्युनिकजवळच्या या गावी १९५७ साली जर्मनीतील पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिचा अंडाकृती घुमट नगरचिन्हावरही आहे. ज्या अणुविभाजनावर ती भट्टी चाले, त्याचा अर्थ लीझने व तिच्या भाच्याने लावला. रसायनशास्त्राचे १९४४ चे नोबेल मात्र एकट्या ऑटो हानला मिळाले.

लीझ यहुदी घरात जन्मली, १९०८ साली प्रॉटेस्टंट झाली. तरी १९३८ मध्ये तिला बर्लिन सोडून पळावे लागले. मग तिला आपल्यात मोजावे काय? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा. रक्त पाहून याद्या करणाऱ्यांनीच तिला देशोधडीला लावले. तिला वाचावे ते तिच्या कामासाठी, आणि अणुबाँबच्या कामाला तिने दिलेल्या नकारासाठी. ती मायबोलीत भेटली, एवढे 'आपलेपण' मला पुरे.