तीस टक्के, पण कशाचे? ‘बेट अँड स्विच’ या पर्कची उलटतपासणी

‘डेस्टिनी २’ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, बॉसला मारायला जड शस्त्रावर कोणता पर्क हवा? उत्तर बहुतेक वेळा ‘बेट अँड स्विच’ असंच येईल. का, असं विचारलंत तर सांगतील, ‘तीस टक्के जास्त डॅमेज’. बस्स, चर्चा संपली. तुम्ही गेम खेळत नसाल तरी हे वाचा, कारण ‘आमच्या पद्धतीने तीस टक्के सुधारणा’ हे वाक्य तुम्हाला पुढची पाच वर्षं शोधनिबंधांमध्ये वाचायचं आहे. कधीतरी स्वतः लिहायचंही आहे.

आधी थोडी ओळख. ‘डेस्टिनी २’ हा बंजी कंपनीचा २०१७ सालचा ऑनलाइन शूटर. खेळाडूकडे एका वेळी तीन शस्त्रं असतात आणि त्यातलं तिसरं जड, म्हणजे रॉकेट, ग्रेनेड लाँचर वगैरे. रेडमध्ये सहा जण मिळून बॉसशी लढतात. बॉसला बराच वेळ काही इजाच होत नाही. मग सगळ्यांनी ठरलेली कामं केली की थोडा वेळ तो उघडा पडतो, आणि त्या खिडकीत जमेल तेवढा मारा करायचा. पर्क म्हणजे शस्त्राला चिकटलेला गुण. तो कोणता मिळेल हे नशिबावर असतं, त्यामुळे मनासारख्या जोडीसाठी लोक एकच डंजन पुन्हा पुन्हा खेळतात.

‘बेट अँड स्विच’ची अट अशी: तिन्ही शस्त्रांनी थोडक्या वेळात, म्हणजे तीनेक सेकंदांत, कुणाला ना कुणाला इजा करायची. मग हा पर्क असलेलं शस्त्र सुमारे दहा सेकंद जास्त मारतं. किती जास्त, तो आकडा अपडेटनुसार बदलत आला आहे. आपण ३० टक्के धरू. त्याच्यासमोर उभा करायचा तो ‘व्होर्पल वेपन’. बॉसविरुद्ध जड शस्त्राला १० टक्के जास्त. अट नाही, वेळ नाही, कसरत नाही. कुणी त्याचे व्हिडिओ करत नाही, बिचारा मुकाट्याने काम करतो.

तीस मोठे की दहा? इथेच थांबा. माझ्या गाइडना कुठलाही आलेख दाखवला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कशाच्या तुलनेत?’ आणि दुसरा, ‘भागिले काय?’ हे तीस टक्के एका राउंडच्या डॅमेजवरचे आहेत. सेकंदावरचे नाहीत, की अख्ख्या लढाईवरचेही नाहीत. बॉस मात्र लढाईत मरतो.

हिशोब मांडू. आकडे मी सोयीचे, गोल घेतोय, कुठल्याही खऱ्या शस्त्राचे नाहीत. समजा लाँचरचा एक राउंड १०० डॅमेज करतो, सेकंदाला एक राउंड सुटतो, मॅगझिनमध्ये ८ राउंड, रीलोडला ३ सेकंद, आणि एकूण साठा २४. पर्क नसेल तर ११ सेकंदांच्या एका फेरीत ८००, म्हणजे सेकंदाला ७२.७. ‘व्होर्पल’ लावला की ८८० भागिले ११, बरोबर ८०. इथे दहा टक्के म्हणजे खरोखर दहा टक्के.

आता ‘बेट अँड स्विच’. दोन शस्त्रं काढून एकेक गोळी मारायची आणि लाँचरवर परत यायचं, याला अडीच सेकंद धरू. त्या दोन गोळ्यांचे मिळून ५० डॅमेज मोजायला हवेत, नाहीतर आपणच पर्कवर अन्याय करू. लाँचरचा पहिला राउंड अट पूर्ण करतो, तो स्वतः वाढीव नाही असं धरू. उरलेले सात १३० चे. म्हणजे ५० अधिक १०० अधिक ९१०, एकूण १०६०. वेळ किती? अडीच, आठ आणि तीन मिळून साडेतेरा सेकंद. सेकंदाला ७८.५.

म्हणजे तीस टक्क्यांच्या पर्कने दिले आठ, आणि दहा टक्क्यांचा पर्क पुढे निघाला. अडीच सेकंदांची कसरत हा या पर्कचा खर्च आहे, आणि तो पर्कच्या वर्णनात कुठे लिहिलेला नसतो. नव्या पद्धतीचा फायदा ठळक छापायचा आणि तिला लागणारी जास्तीची तयारी परिशिष्टात ढकलायची, हा प्रकार तुम्हाला बऱ्याच विषयांत भेटेल.

लगेच निकाल देऊ नका मात्र. भाजक बदलून बघा. बॉस बराच वेळ उघडा राहतो आणि वेळेआधी राउंडच संपतात, अशीही लढाई असते. तिथे सेकंद मोजण्यात अर्थ नाही, राउंडमागे किती वसूल झालं ते मोजायचं. २४ राउंडचे पर्क नसताना २४००, ‘व्होर्पल’ने २६४०, आणि ‘बेट अँड स्विच’ने, बाकीच्या दोन शस्त्रांचं न धरताही, तीन गुणिले १०१० म्हणजे ३०३०. सव्वीस टक्के जास्त. एकच पर्क, एकच शस्त्र, आणि क्रम उलटा झाला. ‘कोणता पर्क चांगला’ हा प्रश्न मुळात अर्धाच होता. टंचाई कशाची आहे, वेळेची की राउंडची, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

खिडकीची लांबीही बघा, मला यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट तीच वाटते. खिडकी ३० सेकंदांची असेल तर पर्क नसलेला माणूस आठ-आठ-आठ करून नेमक्या तिसाव्या सेकंदाला २४०० वर पोचतो. ‘बेट अँड स्विच’वाला २७ सेकंदांत दोन फेऱ्या करतो, तिसऱ्या फेरीची कसरत साडेएकोणतीसला संपते, आणि पुढचा राउंड लागायच्या आत खिडकी बंद. एकूण २१७०. पर्क नसलेल्यापेक्षाही कमी! खिडकी ४५ सेकंदांची केली तर तोच माणूस साडेसदतीस सेकंदांत ३१८० करून बसलेला असतो. सरासरी काढून ‘साधारण इतके टक्के’ असं सांगणाऱ्याने हा जिना सपाट करून टाकलेला असतो. (आणि हो, ४५ सेकंदांच्या तुलनेत पर्क नसलेला खेळाडू राउंड संपल्यावर उरलेले पंधरा सेकंद हाताची घडी घालून बसणार नाही, दुसरं शस्त्र काढेल. आपल्या पद्धतीला पूर्ण मुभा द्यायची आणि प्रतिस्पर्धी पद्धत जमेल तितक्या बावळटपणे चालवायची, ही खोड फार जुनी आहे.)

या पर्कच्या बाजूने बोलायचं तर खिडकी उघडायच्या आधीच, आजूबाजूच्या किरकोळ शत्रूंवर दोन गोळ्या मारून पहिल्या फेरीची कसरत उरकता येते. जाणकार तेच करतात. माझ्या आकड्यांत मग ३० सेकंदांत २४८० होतात. तोटा गेला, पण ‘व्होर्पल’चे २६४० अजून पुढेच आहेत.

मग हा पर्क एवढा गाजला कशामुळे? एकट्याने नाही, जोडीदारामुळे. ग्रेनेड लाँचरवर ‘एन्व्हियस आर्सेनल’ नावाचा दुसरा पर्क मिळतो. बाकीच्या दोन्ही शस्त्रांनी इजा केली की हे शस्त्र आपोआप रीलोड होतं. अट बघा, जवळजवळ तीच! ‘बेट’साठी जी कसरत करायचीच आहे, तिच्यातच रीलोड फुकट. साडेतेरा सेकंदांची फेरी साडेदहावर येते. नुसत्या ‘एन्व्हियस’चे सेकंदाला ८१, त्यावर ‘व्होर्पल’ असता तर ८८.६, आणि ‘बेट अँड स्विच’ असेल तर १०१. म्हणजे एकटा असताना आठ टक्के देणारा पर्क जोडीत पंचवीस टक्के देतो. ‘व्होर्पल’ मात्र दोन्हीकडे दहाच्या आसपासच.

संख्याशास्त्रात याला आंतरक्रिया म्हणतात. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर अवलंबून असतो, त्यामुळे ‘या घटकाचा परिणाम अमुक टक्के’ असं एकच वाक्य लिहिता येत नाही. एकेक भाग काढून फरक बघायची जी पद्धत आपण प्रयोगांत वापरतो, ती इथे सरळ वापरलीत तर फसाल. जोडीतून ‘बेट’ काढा, मोठी घसरण दिसेल आणि सगळं श्रेय तुम्ही ‘बेट’ला द्याल. ‘एन्व्हियस’ काढा, तशीच घसरण दिसेल आणि श्रेय तिकडे जाईल. दोन्ही घसरणींची बेरीज एकूण फायद्यापेक्षा जास्त भरेल. काढायचे तर चारही प्रकार काढा: दोन्ही नाहीत, हा आहे, तो आहे, दोन्ही आहेत.

माणूस चुकतो, हेही मोजायला हवं. व्हिडिओत दिसणारा माणूस शंभरपैकी शंभर वेळा अट साधतो, कारण न साधलेले व्हिडिओ तो टाकत नाही. समजा ‘एन्व्हियस’ साधली पण ‘बेट’ हुकली तर फेरी ८१ वर येते. मग ‘व्होर्पल’च्या ८८.६ ला गाठायला किती वेळा साधायला हवं? साधारण ३८ टक्के वेळा. एवढं बहुतेकांना जमेल, म्हणून जोडी असेल तर मी बिनधास्त ‘बेट’ घेईन. जोडी नसेल आणि खिडकी छोटी असेल तर शंभर टक्के साधूनही ‘व्होर्पल’ जिंकतो. आणि तरीही कित्येक ठिकाणी ‘बेट नसेल तर टीममध्ये येऊ नका’ असं सांगून माणसांना बाहेर ठेवलं जातं. संदर्भ गळून पडलेला आकडा कुणाच्या तरी शनिवारच्या रात्रीचा निकाल लावतो.

याच जोडीने २०२४ साली एक वेगळंच प्रकरण घडवलं. ऑक्टोबरमध्ये ‘व्हेस्पर्स होस्ट’ हे डंजन आलं, आणि त्यात ‘व्हीएस चिल इन्हिबिटर’ नावाचा ग्रेनेड लाँचर होता. सगळ्यांना त्यावर ‘एन्व्हियस आर्सेनल’ आणि ‘बेट अँड स्विच’ हवे होते, आणि ते काही केल्या मिळत नव्हते. आता एकट्या खेळाडूला यातून काही सिद्ध करता येत नाही. दोन्ही रकान्यांत सहा-सहा पर्याय धरले तर हवी ती जोडी छत्तीसात एकदा यावी. छत्तीस वेळा खेळूनही न मिळण्याची शक्यता ३६ टक्के, शंभर वेळा खेळूनही सहा टक्के. म्हणजे शंभर वेळा रिकाम्या हाताने परतलेला माणूस दुर्दैवी असू शकतो, एवढंच.

पण खेळाडूंनी हजारो जणांकडच्या शस्त्रांची माहिती एकत्र केली, आणि तेव्हा दिसलं की यादीत एकमेकांपासून ठरावीक अंतरावर असलेल्या पर्कच्या जोड्या कमी पडतात, जवळच्या जास्त पडतात. कंपनीचं आधीचं म्हणणं होतं की अशी कुठलीही वजनं मुद्दाम घातलेली नाहीत. मग तपास करून तिने मान्य केलं की यादृच्छिक निवड करणाऱ्या कोडमध्येच दोष आहे, आणि पुढे तो दुरुस्त झाला. मुद्दाम वजन घातलेलं नव्हतं, हेही खरंच होतं. हेतू नव्हता आणि परिणाम होता, दोन्ही एकाच वेळी.

मी इथे खेळाडूंच्या युक्तिवादाचं एका कारणासाठी कौतुक करेन. त्यांची माहिती स्वच्छ नव्हती. लोकांच्या तिजोरीत जे शिल्लक आहे त्यावरून ती आलेली, आणि लोक नको ती शस्त्रं मोडून टाकतात, हवी ती ठेवतात. निवडीचा पूर्वग्रह उघड आहे. पण तो कुठल्या दिशेने ढकलतो ते बघा: सगळ्यांना हवी असलेली जोडी अशा माहितीत खऱ्यापेक्षा जास्त दिसायला हवी. तरीही ती दुर्मिळ दिसत होती. म्हणजे माहितीतल्या खोटीमुळे त्यांचा दावा कमकुवत झाला नाही, उलट पक्का झाला. तुमच्या माहितीत पूर्वग्रह आहे असं परीक्षक म्हणतील तेव्हा नुसतं ‘मर्यादा’ या मथळ्याखाली एक ओळ टाकून सुटू नका. दिशा सांगा. तुमचा निष्कर्ष त्या दिशेच्या विरुद्ध असेल तर ते ठणकावून लिहा.

वरचे आकडे माझे सोयीचे आहेत, ते तुमच्या शस्त्राचे टाका. मॅगझिन आठऐवजी पाच केलंत तर जोडीशिवायचा ‘बेट’ आणखी खाली जातो, कारण अडीच सेकंदांची कसरत कमी राउंडवर वाटली जाते. बारा केलंत तर शेवटचे एक-दोन राउंड दहा सेकंदांच्या बाहेर पडतात. मधे कुठेतरी त्याची जागा आहे, ती कागदावर काढायला अर्धा तास लागतो.